सर्व्हेतली ती ओळ कोणाची, हे शोधू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या आहेत. पुण्यात हिंजवडीला एका आयटी कंपनीत मॅनेजर आहेत. हाताखाली ९ जणांची टीम, क्लायंट शिकागोचा. सकाळी अकराला लॉगिन आणि रोज रात्री साडेनऊला क्लायंटबरोबर कॉल, त्याला टीममधले नऊच्या नऊ जण. तो संपेपर्यंत साडेदहा होतात. आठवड्याचे तास मोजले तर साठच्या घरात जातात. यंदाच्या एंगेजमेंट सर्व्हेत, म्हणजे कर्मचारी कामात किती मनापासून गुंतलेत याच्या कंपनीच्या पाहणीत, त्यांच्या टीमचा स्कोअर बराच घसरला. शेवटच्या मोकळ्या रकान्यात कोणीतरी लिहिलं होतं, "इथे रजा मागितली की गुन्हा केल्यासारखं वाटतं." वाक्याच्या धाटणीवरून ते कोणी लिहिलं हे बाईंनी ओळखलं. डायरेक्टर म्हणाले, हा 'नेगेटिव्ह' माणूस कोण ते शोधा आणि पुढच्या तिमाहीपर्यंत स्कोअर वर आणा, तुमचं अप्रेझल त्यावर आहे. एचआरने 'वेलनेस वीक'साठी बजेट दिलंय. त्यात योगासनं, ध्यानाचं अ‍ॅप, शुक्रवारी खेळ आहेत. बाईंना स्वतःला चार महिने धड झोप नाही. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं होते. "बाबांनी स्ट्रेस हा शब्द कधी उच्चारला नाही. आमची पिढी, आणि माझ्या टीममधली पोरं तर त्याहून, इतकी नाजूक कशी?" नवरा म्हणतो, राजीनामा दे. घराचे हप्ते अजून ११ वर्षं आहेत. त्यांचे प्रश्न तीन आहेत. त्या मुलाशी बोलू का? स्कोअर कसा वाढवू? की मीच या खुर्चीच्या लायक नाही?

उत्तर :

नमस्कार,

तीन प्रश्नांपैकी पहिला तातडीचा आहे, म्हणून आधी तो घेते. त्या मुलाशी त्या ओळीबद्दल एक अक्षरही बोलू नका. "तूच लिहिलंयस हे मला कळलंय, पण मला राग नाही आलेला," असं मायेनं सांगावंसं वाटेल. तेही टाळा. तुमचा हेतू कितीही चांगला असो, त्याच्या कानावर एवढंच पडेल की आपण पकडले गेलो. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चहाच्या टपरीवर उरलेल्या आठ जणांना कळलेली असेल, आणि पुढच्या वर्षी नऊच्या नऊ जण सगळीकडे 'उत्तम'वर टिक करून मोकळे होतील. डायरेक्टरांना हवा तो स्कोअर मिळेल. टीममध्ये नेमकं काय बिनसलंय हे कळायची तुमची उरलीसुरली वाट मात्र बंद होईल.

आता डायरेक्टरांना काय सांगायचं? माझं मत विचाराल तर सरळ सांगा, पण नुसता नकार घेऊन जाऊ नका, सोबत कागद न्या. गेल्या सहा महिन्यांत टीममधून रजेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती 'जरा पुढे ढकल' म्हणून परत गेले, रजेवर असूनही कोणी कोणी लॉगिन केलं, हे सगळं तुमच्याच सिस्टीममध्ये आहे. ते एका पानावर उतरवा. मग म्हणा, "सर्व्हे निनावी आहे असं आपण सगळ्यांना कळवलं होतं, त्यामुळे कोणी लिहिलं ते मी शोधणार नाही. जे लिहिलंय ते कितपत खरं आहे, हे मात्र मी तपासलं. हा तक्ता." बोलणं माणसावरून तक्त्यावर आलं की बऱ्याच वरिष्ठांचा सूर बदलतो. नाही बदलला, तर आपण कोणाच्या हाताखाली काम करतोय हे तुम्हाला कळेल, आणि ती माहिती तुम्हाला पुढे लागणार आहे.

यात तुमच्या कंपनीचंही चुकलंय. ९ जणांच्या टीमच्या कमेंट्स जशाच्या तशा मॅनेजरसमोर ठेवल्या, तर तो सर्व्हे निनावी राहत नाही. जपानमध्ये ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी करणं डिसेंबर २०१५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. सरकारने सुचवलेल्या प्रश्नावलीत ५७ प्रश्न आहेत. निकाल त्या त्या कर्मचाऱ्याच्या हाती जातो आणि त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो बघता येत नाही. विभागाची एकत्रित आकडेवारी काढतानाही गट १० पेक्षा लहान असेल, तर सर्वांची संमती असल्याशिवाय ती सहसा मालकाला देत नाहीत, कारण एवढ्या लहान गटात माणूस ओळखू येतो. हा दाखला एचआरला द्या आणि पुढच्या वेळी दोन-तीन लहान टीम्सचे निकाल एकत्र करून द्यायला सांगा. ही मागणी सगळ्याच मॅनेजरांच्या फायद्याची आहे, त्यामुळे ती मांडताना तुम्ही एकट्या पडणार नाही.

आता बाबांबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण तुम्ही स्वतःला आणि टीमला ज्या मापाने मोजताय ते इथून आलंय. बाबांनी स्ट्रेस हा शब्द कधी उच्चारला नसेलही. पण त्यांच्या नोकरीत काय काय होतं ते आठवा. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि काम कारखान्याच्या फाटकाच्या आत राहायचं. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, आणि त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागायचा. रजेवरून वाद झालाच तर सोबत साहेबाच्या केबिनपर्यंत येणारा युनियनचा माणूस होता. रात्रपाळी त्यांनाही होती, पण ती कोणत्या आठवड्यात आहे हे आधीपासून ठाऊक असायचं आणि आई त्याप्रमाणे डबा करायची. त्यांची पाठ दुखली असेल, कान गेले असतील. ते कष्ट कमी होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण जेवणाच्या ताटावरून उठवून त्यांना कोणी 'एक पाच मिनिटं लॉगिन करता का' असं म्हटलं नाही.

त्या पिढीलाही ताणानं सोडलं नव्हतं. जपानमध्ये अतिकामाने झालेला मृत्यू म्हणून ज्या पहिल्या प्रकरणाचा उल्लेख होतो ते १९६९ सालचं आहे. वृत्तपत्राच्या पाठवणी विभागात काम करणारा तो माणूस २९ वर्षांचा होता आणि पक्षाघाताने गेला. तेव्हा मोबाइल नव्हता, ईमेल नव्हता, आणि 'आजकालची पोरं' असं त्याला कोणी म्हटलं नसतं.

आपल्याकडे आणखी एक समज फार घट्ट आहे, की ताण साहेबाला असतो, खालच्या माणसाला कसला आलाय ताण. लंडनमध्ये १९६७ पासून हजारो सरकारी नोकरांच्या तब्येतीचा मागोवा घेतला गेला. व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागाच्या नावानेच तो अभ्यास ओळखला जातो. त्यात दिसलं ते उलटंच होतं. हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही बराच फरक उरत होता. म्हणून १९८५ मध्ये मायकल मार्मट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०,३०८ सरकारी नोकरांना घेऊन दुसरा अभ्यास सुरू केला, यावेळी स्त्रियांनाही धरून. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. आपलं काम कसं आणि कधी करायचं यात ज्यांना फारसं बोलता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच अशी मांडणी केली होती की काम भरपूर असणं एवढ्याने माणूस मोडत नाही, काम भरपूर आणि त्यावर ताबा मात्र काहीच नाही, ही जोडी घातक असते.

आता तुमच्या टीमकडे बघा. तिकीट, म्हणजे क्लायंटची तक्रार किंवा काम, कधी येणार ते क्लायंट ठरवतो. ते किती वेळात बंद करायचं ते करारात लिहिलंय. कॉल किती वाजता ते कोणीतरी कधीतरी ठरवलं आणि तेव्हापासून चाललंय. रजा कधी मिळणार हे तुमच्या मनःस्थितीवर आहे, असं निदान त्या मुलाला वाटतंय. स्वतःच्या दिवसातलं काय त्यांच्या हातात आहे? याचं उत्तर तुम्हाला प्रामाणिकपणे देता आलं, की 'नाजूक' हा शब्द मागे पडेल असं मला वाटतं.

यातून दुसऱ्या प्रश्नाकडे येते. स्कोअर कसा वाढवायचा, असं तुम्ही विचारलंय. हा आकडा नेमकं काय मोजतो ते आधी बघू. विल्यम कान या संशोधकाने १९९० मध्ये कामातल्या गुंतलेपणावर, म्हणजे एंगेजमेंटवर, एक निबंध लिहिला. आज कंपन्या जो शब्द वापरतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. त्याने वेस्ट इंडीजमधल्या एका उन्हाळी शिबिराचे प्रशिक्षक आणि अमेरिकेतल्या एका वास्तुविशारद कंपनीतली माणसं जवळून पाहिली. त्याला दिसलं की तोच माणूस एका वेळी कामात जीव ओततो आणि दुसऱ्या वेळी नुसता शरीराने हजर असतो. हे कशावर ठरतं? या कामाला काही अर्थ आहे असं वाटतंय का, मनातलं बोललो तर अंगाशी येणार नाही याची खात्री आहे का, आणि त्या वेळी अंगात तेवढं त्राण शिल्लक आहे का, यावर. तुमच्या टीममधली ती रजेची ओळ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. रात्री साडेनऊचा कॉल तिसऱ्याचं.

शिवाय गुंतलेपण वाढलं की ताण आपोआप कमी होतो, असंही नाही. गॅलप ही संस्था दरवर्षी जगभर याची पाहणी करते. २०२४ मध्ये जगातले अवघे २१ टक्के कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले आढळले. अमेरिका आणि कॅनडात हे प्रमाण ३१ टक्के म्हणजे बरंच वर होतं, पण काल दिवसभरात खूप ताण जाणवला असं सांगणारेही तिथे निम्म्याच्या आसपास होते. युरोपात गुंतलेले १३ टक्केच, पण ताण अमेरिकेपेक्षा कमी. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे तिथे वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा मिळते आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. फरकाचं सगळं कारण हेच, असा दावा मी करणार नाही. पण कामावर फार प्रेम नसलेला माणूसही वेळेवर घरी जाऊन नीट झोपू शकतो, आणि कामावर जीव टाकणारा माणूस आतून पोखरला जाऊ शकतो, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं. तुम्ही स्वतः दुसऱ्या प्रकारात बसता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

वेलनेस वीकचं काय? योग वाईट आहे असं कोण म्हणेल. पण ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. त्यांचा निबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानाचे वर्ग, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, झोपेची आणि आरोग्याची अ‍ॅप्स अशा गोष्टींत भाग घेतलेले आणि न घेतलेले कर्मचारी यांची तुलना केली, तर भाग घेणारे अधिक बरे आहेत असं दिसलं नाही. अपवाद एकच, समाजासाठी स्वयंसेवा करण्याची संधी. हा एका वेळच्या माहितीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे त्यावरून शेवटचा शब्द बोलता येत नाही. तरी एवढं नक्की म्हणता येईल की साडेदहाला कॉल संपवून आलेल्या माणसाला सकाळी आठच्या योगवर्गाला बोलावून काही साधणार नाही. बजेट परत करू नका. ते कशावर खर्च करता येईल हे एचआरला विचारा. रात्री ऑन-कॉल, म्हणजे अडचण आली तर कामाला तयार, राहणाऱ्याला भत्ता देता येतो का? रजेच्या काळात दुसऱ्या टीममधून बदली माणूस घेता येतो का? आणि योग ठेवायचाच असेल तर कामाच्या वेळात ठेवा आणि हजेरी घेऊ नका.

खरं काम त्या साडेनऊच्या कॉलमध्ये आहे. या कॉलला नऊच्या नऊ जण असतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मला दिसतं ते असं : दोघं-तिघं बोलताहेत, बाकीचे म्यूटवर, कॅमेरा बंद. कोणी उद्याचं काम उरकतोय, कोणी भाताचं ताट मांडीवर घेऊन बसलाय, कोणाचं लहान मूल दाराशी येऊन परत गेलंय. आणि आपलं नाव पुकारलं तर काय, या धास्तीने एक कान सतत तिकडे. महिनाभराच्या कॉल्समध्ये कोणाला खरोखर बोलावं लागलं, याची साधी नोंद ठेवा. माझा अंदाज आहे की बहुतेक दिवशी तुम्ही आणि एक जण पुरेसे असता.

मग वेळ. आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा शिकागोत उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात. त्यांचा दिवस निम्मा सरत आलाय! त्यांनी आठला बसायचं ठरवलं तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतील, आणि नोव्हेंबर ते मार्च त्यांची घड्याळं मागे असतात तेव्हा साडेसात. हे क्लायंटला कोणी कधी विचारलंय का? अनेक ठिकाणी असे कॉल कोणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीने लावलेले असतात. तो माणूस कंपनी सोडून जातो आणि त्याची वेळ मागे राहते. विचारताना आपली दमणूक पुढे करू नका, त्यांचा फायदा सांगा : "सकाळी आठला बसलो तर रात्रीत काय झालं ते तुम्हाला दिवसाच्या सुरुवातीलाच कळेल." रोज नाही जमलं तर आठवड्यातले तीन दिवस मागा. तेही नाही जमलं, तर दोघादोघांची पाळी लावा, म्हणजे उरलेल्यांची संध्याकाळ आधीपासून ठरलेली राहील.

आधीपासून ठरलेली, यावर माझा भर आहे. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत एक प्रयोग केला होता, २००९ मध्ये त्याचा वृत्तांत आला. चोवीस तास क्लायंटला उपलब्ध राहणं हाच आपला धर्म, असं मानणारी ती माणसं. त्यांच्यातल्या काही टीम्सना आठवड्यातली एक संध्याकाळ, सहानंतर, सक्तीने मोकळी दिली. त्या वेळात मेलही बघायचा नाही, फोनही नाही. सुरुवातीला त्यांनाच ते नको होतं, करिअरवर परिणाम होईल अशी भीती होती. पण काही महिन्यांनी त्या टीम्समधली माणसं कामाबद्दल जास्त समाधानी होती आणि या कंपनीत पुढेही राहू असं जास्त प्रमाणात म्हणत होती. मिळालेल्या चार-पाच तासांपेक्षा त्यासाठी टीमला एकमेकांशी जे बोलावं लागलं, कोण कोणाचं काम सांभाळणार हे आधी ठरवावं लागलं, त्याचा फायदा मोठा होता. हा प्रयोग तुम्ही कोणाची परवानगी न मागता उद्या सुरू करू शकता. प्रत्येकाला एक वार द्या. तुम्हालाही एक, आणि तो पाळा.

रजेचं तर पूर्ण तुमच्या हातात आहे. टीमला एकत्र बसवा आणि कमेंटचा उल्लेख न करता नवी पद्धत सांगा. दोन दिवसांपर्यंतची रजा, बदली कोण सांभाळणार त्याचं नाव लिहिलं असेल तर, मंजूरच. कशासाठी हवी हे विचारलं जाणार नाही. रजेवरच्या माणसाला ग्रुपवर टॅग करायचं नाही. त्याहून मोठी रजा एका सामाईक कॅलेंडरवर, गणपती आणि दिवाळीची तर दोन महिने आधी, म्हणजे दर वर्षी तेच दोघं अडकून राहणार नाहीत. एखाद्या रात्री एस्कलेशनमुळे, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेल्यामुळे, दोन वाजले तर दुसऱ्या दिवशीचं लॉगिन दुपारी एकनंतर, युरोपातल्या त्या ११ तासांच्या हिशेबाने. आणि पहिली रजा तुम्ही घ्या. तुम्ही रजेवरून मेलला उत्तरं देत राहिलात, तर वरचे सगळे नियम टीमच्या दृष्टीने कागदावरच राहतील.

वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे एकेकाशी स्वतंत्र बोलताना, "काय, कसं चाललंय?" विचारलं की "मस्त" हेच उत्तर येणार. त्याऐवजी ठोस विचारा. गेल्या आठवड्यात कोणतं काम दोनदा करावं लागलं? कोणत्या दिवशी लॅपटॉप मिटताना डोकं फिरलं होतं, आणि कशामुळे? उत्तर आलं की लगेच समजूत काढू नका, आपली बाजूही मांडू नका. लिहून घ्या. त्यातली एक गोष्ट पंधरा दिवसांत बदला आणि बदलली म्हणून सांगा. बाकीच्या जमणार नसतील तर का जमणार नाहीत तेही सांगा. त्या मुलालाही हेच प्रश्न विचारायचे आहेत, अगदी इतरांसारखेच. त्याने स्वतःहून रजेचा विषय काढला तर ऐका.

हे वाचणारे सगळे मॅनेजर नसतील. हाताखाली कोणी नाही, बँकेच्या शाखेत, रुग्णालयात किंवा शाळेत नोकरी आहे, त्यांनाही यातलं काही करता येईल. महिनाभर कामाचे खरे तास वहीत लिहा, कारण 'खूप काम असतं' या वाक्याला उत्तर नसतं आणि 'या महिन्यात अकरा दिवस साडेनऊनंतर निघालो' याला द्यावं लागतं. बोलायला एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं मिळून जा, आणि एका वेळी एकच गोष्ट मागा. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तूर्त आपल्याला हे टीमच्या आणि कंपनीच्या पातळीवरच मिळवावं लागेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही या खुर्चीच्या लायक आहात का? गॅलपच्या त्याच पाहणीत २०२३ ते २०२४ या एका वर्षात जगभरातल्या मॅनेजरांचं गुंतलेपण ३० टक्क्यांवरून २७ वर आलं. स्त्री मॅनेजरांमध्ये ही घसरण सात टक्के-बिंदूंची होती. टीमचं गुंतलेपण सत्तर टक्के मॅनेजरवर अवलंबून असतं असंही हीच संस्था सांगते, आणि तुमच्या डायरेक्टरांनी तेवढंच वाक्य तुम्हाला ऐकवलेलं दिसतंय. पण मॅनेजरला वर कोण सांभाळतं, हा प्रश्न त्याच अहवालातून निघतो. वरून स्कोअर, खालून रजा, मधून क्लायंट, आणि घरी हप्ते. यात झोप उडाली म्हणून तुम्ही नालायक ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घ ताण, असं तिचं वर्णन आहे. त्याची लक्षणं म्हणजे सतत थकवा, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. हा आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. तुमच्या पत्रात यातली तिन्ही लक्षणं मला दिसली. 'मीच नालायक' हे वाक्यसुद्धा त्यातलंच असू शकतं, म्हणून त्यावर आत्ता निकाल देऊ नका.

तासांचं मात्र गांभीर्याने घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ही लाखो लोकांची सरासरी आहे, तुमचं भविष्य नाही. पण साठ तास ही कायमची व्यवस्था म्हणून मान्य करण्यासारखी गोष्ट नाही, एवढं तर त्यातून कळतं.

राजीनाम्याबद्दल तुमच्या यजमानांची काळजी मला पटते, घाई पटत नाही. आत्ता नोकरी सोडली तर याच थकव्यात, याच 'मी कमी पडले'च्या भावनेत दुसरी शोधाल, आणि मिळेल ती घ्याल. माझा सल्ला असा की एक तिमाही द्या. कॉलची वेळ, मोकळी संध्याकाळ, रजेची पद्धत या तीन गोष्टी करून बघा. त्याच काळात बायोडेटा अद्ययावत करा, कंपनीतच दुसऱ्या क्लायंटवर जाता येईल का याची चौकशी करा, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील असा हिशेब दोघांनी मिळून मांडा. नोटीस पीरियड किती आहे तेही नेमणुकीच्या पत्रात बघून ठेवा. तिमाहीनंतर क्लायंटने कॉल हलवला नाही आणि डायरेक्टर अजूनही नाव मागत असतील, तर तुम्ही तयारीने निघाल. आणि त्याआधीच छातीत दुखणं, रडू कोसळणं, जगणं नकोसं वाटणं यातलं काही सुरू झालं, तर तिमाहीची वाट बघू नका. हप्त्यांचं काहीतरी करता येतं.

झोपेचं मात्र आजपासून बघा. चार महिने हा फार काळ झाला. चाळिशीत थायरॉइड, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पाळीतले बदल यांनीही झोप जाते, आणि सगळं खापर कामावर फोडताना हे तपासायचं राहून जातं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तास आणि झोप दोन्ही खरंखरं सांगा. मोकळेपणी बोलायला कोणी हवं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यातली घ्या, आणि त्या दिवशी रजेच्या अर्जात कारण लिहू नका.